कापडी लंगोट: खरा हिशेब दोरीवर होतो

ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बाळाची पहिली अडीच वर्षं धरून, वापरून फेकायचे डायपर आणि धुऊन वापरायचे लंगोट यांचा तापमानवाढीतला वाटा त्यात मोजला होता. डायपरचा आकडा आला साधारण ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका. कापडी लंगोटांचा आला ५७०. म्हणजे कापडीच जरा जास्त!

‘बघा, सगळं सारखंच’ म्हणणाऱ्यांना हा आकडा फार आवडतो. पण गंमत पुढच्या पानांवर आहे. मशीन नीट भरून चालवली, सगळे लंगोट बाहेर दोरीवर वाळवले आणि तेच पुढे दुसऱ्या बाळाला वापरले, तर हा आकडा ४० टक्क्यांनी खाली येतो. उलट सगळे लंगोट ड्रायरमध्ये वाळवले तर तो ४३ टक्क्यांनी वर जातो. ६० ऐवजी ९० अंशांवर धुतले तर ३१ टक्क्यांनी. दोन्ही केलं तर ७५ टक्क्यांनी. पुढे २०२३ मध्ये ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा नवा अभ्यास आला. त्यात कापडी लंगोटांचा कार्बनचा बोजा डायपरपेक्षा २५ टक्क्यांनी कमी निघाला, पण त्यातही मोठा वाटा धुण्या-वाळवण्याच्या विजेचाच होता.

डायपरचा बराचसा बोजा कारखान्यात ठरून येतो. दुकानातून पाकीट उचललं की आपल्या हातात फारसं काही उरत नाही. कापडी लंगोटाचं तसं नाही. तो घरी आल्यावर पुढची दोन-अडीच वर्षं आपण त्याला कसं वागवतो, यावर सगळं अवलंबून आहे. हा लेख त्या वागवण्याबद्दल आहे. डायपर की लंगोट या वादात मी पडत नाही. तुम्ही लंगोट घेतलेत किंवा घ्यायच्या विचारात आहात, असं धरून चालतो.

आधी पाच मिनिटांचं गणित

हे गणित एकदा डोक्यात बसलं की पुढचे अर्धे सल्ले तुम्हीच मला द्याल.

एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. विजेचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. पुढून उघडणारी मशीन मुख्य धुण्यासाठी साधारण १५ लिटर पाणी तापवते असं धरू, आणि नळाचं पाणी २० अंशांचं. ते ४० पर्यंत न्यायला ०.३५ युनिट लागतं, ६० पर्यंत ०.७ आणि ९० पर्यंत १.२.

आता वाळवण्याकडे या. कापडातलं एक लिटर पाणी वाफ होऊन जायला सुमारे २,४५० किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळपास ०.७ युनिट. लंगोटांची अख्खी खेप ६० अंशांवर धुवायला जेवढी उष्णता, तेवढीच त्यातलं फक्त एक लिटर पाणी उडवायला! आणि पिळून काढलेल्या खेपेत सहज दोन-तीन लिटर पाणी असतं. दोरीवर ते काम वारा फुकट करतो, ड्रायरमध्ये ते विजेला करावं लागतं.

त्यामुळे माझा क्रम असा: आधी वाळवण्याकडे बघा, मग खेपांच्या संख्येकडे, मग तापमानाकडे. साबण कुठला, बादली कुठली या गोष्टी त्यानंतर येतात. लोक नेमके उलट्या क्रमाने चर्चा करतात.

किती आणि कसले घ्यायचे

नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट लागतात, वर्षाच्या बाळाला पाच-सहा. वीस ते चोवीस लंगोट असले की सुरुवातीला दर दोन दिवसांनी आणि नंतर दर तीन दिवसांनी धुता येतं. याहून कमी असले की रोज अर्धीमुर्धी मशीन लावावी लागते. याहून जास्त असले की कपाटात पडून राहतात. मी पहिल्या उत्साहात नक्षी बघून चाळीस जमवले होते; त्यातल्या दहा-बारांना वर्षभर हातसुद्धा लागला नाही.

न वापरलेला लंगोटही फुकट तयार होत नाही. जगाच्या सरासरीने एक किलो सुती कापडामागे सुमारे १०,००० लिटर पाणी खर्ची पडतं. यात शेतावर पडलेला पाऊसही धरलेला आहे, तरी आकडा मोठाच. चोवीस जाड सुती लंगोटांचं कापड अडीच किलोच्या आसपास भरतं, म्हणजे २५,००० लिटर. दर खेपेला ६० लिटर पाणी धरलं तर चारशे खेपा धुण्याइतकं हे पाणी झालं. म्हणजे कुणाचे तरी वापरलेले लंगोट आणलेत, तर वर्षानुवर्षं धुण्यात जाईल तेवढं पाणी एका फटक्यात वाचलं. वापरलेले लंगोट घ्यायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण ६० अंशांच्या एका धुण्यानंतर नवीन आणि जुन्यात फरक करण्यासारखं आरोग्याच्या दृष्टीने काही उरत नाही. घेताना मांडीचं इलॅस्टिक ताणून बघा आणि लंगोटावरचं जलरोधक कव्हर उजेडासमोर धरा. आतला चकचकीत थर कुठे सुटलेला दिसला तर ते घेऊ नका.

प्रकारांमध्ये माझं झुकतं माप साध्या चौकोनी घडीच्या लंगोटाला आणि वर वेगळ्या कव्हरला. कारण एकच: उलगडला की तो एका पदराचा होतो आणि बघता बघता वाळतो. सगळं एकत्र शिवलेले ‘ऑल-इन-वन’ घालायला सोपे, पण त्यांच्या पोटातले चार-पाच थर दुसऱ्या दिवशीपर्यंत ओलेच. खिशाचे म्हणजे आत पॅड सरकवायचे लंगोट मधले. पॅड बाहेर काढून वाळवता येतं. कव्हर प्रत्येक वेळी धुवायला लागत नाही. शी लागलेली नसेल तर ओल्या फडक्याने पुसून वाऱ्यावर टांगा आणि दोन कव्हरं आलटून पालटून वापरा. सहा-सात कव्हरांत भागतं.

कापडाचं थोडक्यात. सुती कापड भरपूर उपलब्ध आणि टिकाऊ. हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड, भरपूर शोषतं, पण वाळायला वेळ घेतं. ‘बांबू’ म्हणून जे मऊ कापड मिळतं ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचे धागे ओढतात आणि त्यात कार्बन डायसल्फाइडसारखं विषारी रसायन वापरलं जातं. झाडाचं चित्र बघून भुलू नका. मायक्रोफायबर पटकन वाळतं, पण दाबलं की ओल सोडतं आणि धुताना प्लॅस्टिकचे बारीक तंतू पाण्यात जातात.

काढल्यापासून मशीनपर्यंत

ओले लंगोट पाण्याच्या बादलीत भिजत ठेवायची गरज नाही. भिजवलं की रोज पाणी बदलावं लागतं, इलॅस्टिक लवकर मरतं, कव्हरचा थर सुटतो. शिवाय रांगतं बाळ असलेल्या घरात पाण्याने भरलेली बादली धोक्याचीच. कोरडी बादली घ्या, आत धुता येण्याजोगी पिशवी लावा आणि झाकण थोडं उघडं ठेवा. हवा खेळती राहिली की वास कमी येतो. घट्ट बंद डब्याचं झाकण उघडताना काय होतं, ते एकदा अनुभवलं की विसरत नाही.

नुसत्या दुधावरच्या बाळाची शी पाण्यात विरघळते, तिचं फार काही करावं लागत नाही. बाळ वरचं खायला लागलं की शी संडासात झटकायची आणि मग लंगोट विसळायचा. विसळायला गार पाणीच. गरम पाण्याने शीमधली प्रथिनं धाग्याला चिकटून बसतात आणि डाग पक्का होतो.

या विसळण्याला ताजं पाणी कशाला? बाळाच्या अंघोळीचं टबातलं दहा-पंधरा लिटर पाणी तसंही ओतूनच देतो. आमच्याकडे टबातून बाळ बाहेर आलं की त्याच पाण्यात सकाळपासूनचे लंगोट आत जायचे. पाणी निवलेलं, थोडा साबण आधीच असलेला, आणि मी तिथेच गुडघ्यावर बसलेलो. वेगळा वेळही जात नाही. फक्त हे पाणी नंतर भाजीच्या वाफ्याला घालू नका, ते संडासातच ओता.

लंगोटाच्या आत, बाळाच्या अंगाशी घालायचे कागदी लायनर सोयीचे असतात, पण प्रत्येक वेळी एक टाकलं तर कचऱ्याचा ओघ चालूच राहतो. पाकिटावर काहीही छापलेलं असो, ते फ्लश करू नका, नळ्या तुंबतात. ज्या वेळी बाळ हमखास शी करतं तेवढ्या एका-दोन वेळांना वापरा, किंवा कापडाचे धुता येणारे तुकडे ठेवा. बाळाच्या अंगाला जस्ताचं जाड क्रीम लावायचं असेल त्या दिवसांत मात्र लायनर हवंच. ते क्रीम धाग्यात बसलं की लंगोट पाणी शोषेनासा होतो.

खेप भरायची कशी

दोन-अडीच वर्षं म्हणजे साधारण ९०० दिवस. दर दोन दिवसांनी मशीन लावली तर ४५० खेपा, दर तीन दिवसांनी लावली तर ३००. अर्धी भरलेली मशीन अर्धीच वीज आणि अर्धंच पाणी घेते, असं होत नाही. म्हणून या १५० खेपांमध्ये ६० अंशांच्या हिशेबाने शंभरेक युनिट आणि ६० लिटरप्रमाणे सुमारे ९,००० लिटर पाणी अडकलेलं आहे. वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये पाण्याचा आकडा आणखी मोठा.

पण तीन दिवसांपलीकडे ताणू नका. बुरशीचे काळे ठिपके पडायला लागले की ते जात नाहीत, आणि तो लंगोट बाद झाला म्हणजे वाचवलेलं सगळं वाया.

मशीन पाऊण भरलेली बरी. फार रिकामी असेल तर लंगोट एकमेकांवर घासलेच जात नाहीत, नुसते पाण्यात लोळतात. आणि हाताने चोळण्याचं जे काम असतं ते मशीनमध्ये या घासण्यानेच होतं. ठासून भरली तर आतल्यांपर्यंत पाणी पोचत नाही. मी असं करायचो: फक्त लंगोटांचं एक छोटं, गार पाण्याचं प्री-वॉश, थोडा साबण घालून. ते घाण पाणी गेलं की दार उघडून त्यात बाळाची झबली, टॉवेल, चादर असं काहीबाही भरायचं आणि मुख्य धुणं लावायचं. प्री-वॉशमध्ये मळ निघून गेलेला असतो, त्यामुळे चादरीबरोबर धुवायला हरकत नाही. लंगोटांसाठी वेगळी आणि कपड्यांसाठी वेगळी, अशा दोन खेपांची यात एक होते. मोठी पांघरुणं मात्र टाकू नका. सगळे लंगोट त्यांच्यात गुंडाळून बसतात.

धुऊन झाल्यावर जादा विसळणं लावायची सवय बऱ्याच जणांना असते, कारण मशीनच्या काचेतून फेस दिसतो. पाणी घुसळलं की थोडे बुडबुडे येतातच. बुडबुडे लगेच फुटत असतील तर काम झालं आहे. फेस संपेपर्यंत विसळत बसलात तर शे-दीडशे लिटर पाणी कधी गेलं कळणार नाही.

६० की ४०

९० अंशांची गरज नाही, कधीच. इलॅस्टिक, शिलाई, कव्हर सगळ्यांचं आयुष्य त्याने कमी होतं आणि आकडे वर दिलेच आहेत.

पॅड आणि घडीच्या लंगोटांना ६० अंश हा निर्धास्त मुक्काम. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, आजारी असेल, जुलाब होत असतील किंवा बुरशीचं पुरळ आलं असेल तर ६० च ठेवा, तिथे काटकसर नको. बाळ मोठं झालं, धडधाकट आहे, अंगावर काही नाही, तेव्हा मी ४० वर उतरलो आणि पंधरा दिवसांतून एखादी खेप ६० वर लावत राहिलो. वास टिकायला लागला की परत ६०. कव्हरांना कायम ४० पुरे.

‘इको’ कार्यक्रम तीन-तीन तास चालतो म्हणून लोक तो टाळतात. जास्त वेळ म्हणजे जास्त वीज, असं वाटणं साहजिक आहे, पण इथे उलटं असतं. मशीनची वीज खाते ती पाणी तापवणारी कॉइल; ड्रम फिरवायला त्या मानाने फार थोडी लागते. इको कमी तापवतो आणि जास्त वेळ घोळवतो. याची दुसरी बाजू अशी की काही मशीनमध्ये डायल ६० वर असला तरी इकोमध्ये पाणी तेवढं तापत नाही. बाळ आजारी असताना साधा सुती कपड्यांचा ६० चा कार्यक्रम लावा, एरवी इको.

मशीन पाणी तापवतच नसेल तर? काही जण लंगोट चुलीवर उकळतात. दहा लिटर पाणी २० पासून १०० अंशांवर न्यायला ०.९ युनिटाएवढी उष्णता लागते, आणि गॅसच्या शेगडीवर बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने निसटते, म्हणून जळण त्याहून बरंच जास्त जातं. दुखण्याखुपण्यानंतर एकदा उकळलं तर ठीक, रोज नको. आणि इलॅस्टिकवाले लंगोट तर अजिबात नकोत. सोलर हीटरचं पाणी असेल तर तेच बादलीने मशीनमध्ये घाला. हाताने धुणाऱ्यांची वीज शून्य, पण पाणी जपायला हवं: शेवटच्या विसळण्याचं पाणी बाजूला ठेवून पुढच्या खेपेच्या पहिल्या विसळण्याला वापरा.

माझी साबणाची चूक

आता जरा कबुली. पर्यावरणाच्या नादात मी साबण कमी केला. पाकिटावर सांगितल्याच्या निम्मा, मग पाव. नदीत रसायन कमी जाईल, हा हिशेब. महिनाभर सगळं छान. मग एका सकाळी रात्रीचा लंगोट काढला आणि डोळ्यांतून पाणी आलं, शब्दशः. अमोनिया. बाळाच्या मांड्यांवर लाल चट्टे. मी नेटवर वाचून व्हिनेगर, मग रात्रभर भिजवणं, मग गरम पाण्याची तीन-तीन विसळणी असे सगळे प्रयोग केले. आईने एक धुतलेला लंगोट नाकाजवळ नेला आणि एवढंच विचारलं, “साबण घालतोस ना रे?”

झालं असं होतं: लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात. कमी साबणात धुतलं की लघवीचे अंश आणि जिवाणू दोन्ही धाग्यात उरतात, आणि पुढच्या शूबरोबर कारखाना पुन्हा सुरू. वाचवलेल्या साबणाच्या कितीतरी पट पाणी आणि वीज मी त्या एका आठवड्यात घालवली.

तर साबण पुरेसा घाला, पाकिटावर जास्त मळक्या कपड्यांसाठी जेवढा सांगितला आहे तेवढा. पाणी जड असेल तर जड पाण्यासाठीचं माप घ्या, कारण साबणाचा एक हिस्सा पाण्यातल्या कॅल्शियमशी झुंजण्यातच संपतो. द्रव साबणापेक्षा पावडर बरी. पावडरमध्ये बहुधा ऑक्सिजन ब्लीच असतं, जे डाग आणि जंतू दोन्हींवर काम करतं, द्रवात ते नसतं. हे ब्लीच ४० अंशांच्या खाली मंद पडतं, हेही ध्यानात असू द्या. रिठ्याने झबली धुवा, शीचे लंगोट त्याला झेपत नाहीत. फॅब्रिक सॉफ्टनर पूर्ण बंद. तो धाग्यावर थर चढवतो आणि शोषण कमी झालं की लंगोट जास्त वेळा बदलावे लागतात. क्लोरीनचं ब्लीच इलॅस्टिकला खातं. आणि ते व्हिनेगरबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

वास आलाच, तर मोठे विधी करायची गरज नाही. पूर्ण मापाचा साबण, ६० अंश, लागोपाठ दोन-तीन नेहमीच्या खेपा. आमचा वास तेवढ्यात गेला.

वाळवणं: इथेच सगळं आहे

वाळवायची सुरुवात दोरीवर नाही, मशीनच्या शेवटच्या पिळण्यात होते. घरात सामान तोलायचा काटा असेल तर एक खेळ करून बघा. कोरड्या लंगोटांची पिशवी तोला. धुऊन, पिळून निघाल्यावर परत तोला. फरक म्हणजे आत राहिलेलं पाणी. माझी पिशवी कोरडी २.८ किलो होती, पिळून ५.१, म्हणजे २.३ लिटर पाणी. मग तोच ढीग परत मशीनमध्ये टाकून नुसतं जास्त वेगाचं स्पिन लावलं: ४.६. सात-आठ मिनिटांत अर्धा लिटर बाहेर. मोटरने त्याला फार तर ०.१ युनिट घेतलं असेल. तेच पाणी ड्रायरमध्ये उडवायला किमान ०.३५ लागलं असतं. जास्त वेगाचं स्पिन पॅडांना आणि घडीच्या लंगोटांना. कव्हरं आधी काढून घ्या.

दोरीवर टाकताना प्रत्येक लंगोट दोन्ही हातांनी जोरात झटका. झटकल्याने धागे सुटे होतात, लवकर वाळतात आणि पापडासारखे कडकही होत नाहीत. पॅडं वेगळी काढा. घडीचे लंगोट पूर्ण उलगडून एका पदरात टाका. इलॅस्टिकवाले लंगोट कमरेच्या एका टोकाला चिमटा लावून लोंबकळत ठेवू नका. ओल्या कापडाचं सगळं वजन इलॅस्टिकवर येतं. मधोमध दोरीवर टाका, दोन्ही बाजू सारख्या. दोन लंगोटांमध्ये चार बोटं जागा सोडा. उन्हापेक्षा वारा जास्त काम करतो, हे मला उशिरा कळलं: कोपऱ्यातल्या कडक उन्हापेक्षा सावलीतल्या वाहत्या हवेत जाड पॅडं आधी वाळायची.

ऊन मात्र डागांवर रामबाण. पिवळा डाग राहिलेला लंगोट ओला असतानाच थेट उन्हात पसरा, डाग वर करून. ओल्या धाग्यावर उन्हाचं काम जास्त चांगलं चालतं, आणि दोन-तीन उन्हांत डाग फिका होतो. परत धुवायची गरज पडत नाही. कव्हरं मात्र सावलीत, कारण कडक उन्हाने त्यांचा जलरोधक थर तडकतो.

सततचा पाऊस किंवा दमट हवा असेल तेव्हा काय? पहिली पायरी म्हणजे त्या दिवसांत फक्त घडीचे, एका पदराचे लंगोट वापरा, जाड प्रकार कपाटात. दुसरी: घरात कपडे वाळवायच्या घोडीवर टाकून छताचा पंखा. साधा पंखा ७५ वॉटचा धरला तर आठ तासांत ०.६ युनिट, कमी विजेवर चालणारा २८ वॉटचा असेल तर ०.२२, आणि तो बहुतेक वेळा माणसांसाठी चालूच असतो. खिडकी किंचित उघडी ठेवा, नाहीतर भिंतीला ओल धरते. तिसरी पायरी म्हणजे ड्रायर. तो वापरायचाच झाला तर लंगोट आधी दिवसभर घोडीवर ठेवून, उरलेल्या ओलीपुरता वापरा. जाड आणि पातळ एकत्र टाकू नका, पातळ वाळून गेले तरी जाडांसाठी मशीन फिरत राहते. जाळीतला धुरळा दर वेळी काढा. ड्रायर नवीन घ्यायचाच असेल तर हीट पंपाचा, म्हणजे तीच उष्णता परत परत वापरणारा घ्या, तो जुन्या धर्तीच्या ड्रायरच्या साधारण निम्म्या विजेत काम करतो.

इस्त्री? छे.

रात्र, प्रवास आणि अपराधीपणा

रात्री एक डायपर घातला म्हणून सगळं मुसळ केरात जात नाही. बाळ आणि आईबाप झोपणं गरजेचं आहे. पाच-सहापैकी चार लंगोट कापडी असले तरी दोन वर्षांत हजारो डायपर कमी होतात. सुरुवातीलाच शंभर टक्के करायला जाऊन तिसऱ्या आठवड्यात सगळं सोडून देणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांचे जवळजवळ नवे लंगोट मग कुणा दुसऱ्याच्या उपयोगी पडतात, एवढाच काय तो फायदा.

सगळ्यांत कमी बोजाचा लंगोट म्हणजे जो लागलाच नाही तो. बाळ बसायला लागलं की झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर पाच मिनिटं पॉटीवर धरून बघा. जबरदस्ती नाही, ओरडणं नाही. रोज एक शी जरी पॉटीत झाली तरी तुमचा सगळ्यांत कष्टाचा लंगोट वाचला. उघडं ठेवायची सोय असेल तेव्हा थोडा वेळ उघडंही ठेवा. कातडी वाळते, पुरळही कमी येतं.

संपल्यावर, म्हणजे संपत नाहीत तेव्हा

लंगोटाचं कापड सहसा शेवटपर्यंत टिकतं, आधी मरतं ते इलॅस्टिक. ते बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. मांडीच्या पट्टीची दोन्ही टोकं उसवा, जुनं इलॅस्टिक ओढून काढताना त्याच्या शेपटाला नवं टाचणीने जोडा, म्हणजे जुनं बाहेर येताना नवं आपोआप आत जातं. टोकं शिवून टाका. नवं घेताना ताणलेल्या जुन्याची नाही, दुसऱ्या धड लंगोटातल्या इलॅस्टिकची लांबी मोजा; मी पहिल्यांदा तिथेच चुकलो आणि लंगोट मोज्यासारखा सैल झाला.

ठेवून देताना पूर्ण वाळवा, दोन उन्हं जास्तच द्या, आणि प्लॅस्टिकऐवजी कापडी पिशवीत ठेवा. पुढच्या घरी देताना सोबत एक चिठ्ठी घाला: कुठल्या तापमानाला धुतले, साबण किती घातला, कुठला लंगोट रात्री गळतो. आमच्या वापरातल्या चोवीसपैकी एकोणीस आज तिसऱ्या घरात आहेत. उरलेल्या पाचांनी मी सायकलची साखळी पुसतो.